मराठी साहित्यातील ग्रीक पुराणपात्रे

ग्रीक पुराणकथांमधील देवदेवता, राजे, वीर आणि अद्भुत प्राणी मराठीत नाटक, कथा, अनुवाद व शास्त्रीय परिभाषा अशा वेगवेगळ्या वाटांनी आले. त्यांपैकी बहुतेक थेट ग्रीक भाषेतून न येता लॅटिन आणि नंतर इंग्रजी साहित्याच्या मार्गाने आले. येताना त्यांची नावे कधी पूर्णपणे पुसली गेली, कधी त्यांच्या जागी भारतीय पौराणिक नावे बसवली गेली, तर कधी मूळ नावे जशीच्या तशी राखली गेली. सदानंद रेगे यांचे ‘जयकेतू’ (१९५९), पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) व ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) ही नाटके आणि जी. ए. कुलकर्णी यांची ‘ऑर्फियस’ ही कथा ही या प्रवासातील महत्त्वाची उदाहरणे होत.

प्राचीन संपर्क

महाराष्ट्राचा ग्रीक-रोमन जगाशी संबंध सातवाहन काळापासूनचा आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे १९४० च्या दशकात सापडलेल्या कांस्यवस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडन याची एक लहान मूर्ती आहे. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. मूर्ती आली म्हणून तिच्यामागची कथाही येथे रुजली, असे मात्र म्हणता येत नाही. व्यापाराबरोबर आलेला हा देव प्राचीन मराठी किंवा महाराष्ट्री प्राकृत वाङ्मयात पात्र म्हणून शिरला नाही. ग्रीक पात्रांचा मराठी वाङ्मयाशी खरा परिचय एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण सुरू झाल्यानंतरचा आहे.

आकाशातील नामांतर

ग्रीक पात्रांचे सर्वांत व्यापक आणि सर्वांत कमी लक्षात आलेले मराठीकरण साहित्यात नव्हे, तर खगोलशास्त्रात झाले. पाश्चात्त्य तारकासमूहांना मराठीत जी नावे रूढ आहेत, त्यांत एक संपूर्ण ग्रीक कुटुंब महाभारतातील कुटुंबात रूपांतरित झालेले दिसते.

मूळ ग्रीक कथा अशी : इथिओपियाचा राजा सीफियस याची राणी कॅसिओपिया हिने समुद्रकन्यांपेक्षा आपण अधिक सुंदर असल्याची बढाई मारली. काही रूपांत ही बढाई मुलीच्या सौंदर्याची आहे. चिडलेल्या पोसायडनने राज्यावर सागरी राक्षस सोडला. त्याला शांत करण्यासाठी राजकन्या अँड्रोमेडा हिला किनाऱ्यावरील खडकाला बांधण्यात आले. मेडूसाचा वध करून परतणाऱ्या पर्सियसने राक्षसाला मारून तिची सुटका केली व तिच्याशी विवाह केला. या कथेतील सर्व पात्रे आकाशात एकमेकांच्या शेजारी आहेत.

मराठीत अँड्रोमेडा ‘देवयानी’ झाली, पर्सियस ‘ययाती’, कॅसिओपिया ‘शर्मिष्ठा’ आणि सीफियस ‘वृषपर्वा’. सागरी राक्षस सीटस हा ‘तिमिंगल’ झाला. महाभारताच्या आदिपर्वातील कथेत असुरराज वृषपर्वा याची कन्या शर्मिष्ठा ही शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिचा अपमान करून तिला विहिरीत ढकलते आणि तेथून जाणारा राजा ययाती तिला हात देऊन बाहेर काढतो. संकटात टाकली गेलेली तरुणी, वाटेने येणारा वीर, सुटका आणि विवाह हा सांगाडा दोन्ही कथांत सारखा आहे. कॅसिओपियाच्या सौंदर्यगर्वाच्या जागी शर्मिष्ठेचा कुलगर्व आहे. एवढे जुळत असताना ही नावे केवळ सोयीसाठी दिली गेली असे मानणे कठीण आहे.

नात्यांची मांडणी मात्र बदलली. ग्रीक आकाशात कॅसिओपिया ही अँड्रोमेडाची आई आहे; मराठी आकाशात शर्मिष्ठा ही देवयानीची प्रतिस्पर्धी आणि पुढे सवत आहे. सीफियस हा अँड्रोमेडाचा पिता होता, पण वृषपर्वा शर्मिष्ठेचा पिता आहे. पर्सियस आणि अँड्रोमेडा यांचा संसार ग्रीक कथांमध्ये विरळा असा सुखाचा आहे, तर ययाती-देवयानीचा संसार भारतीय परंपरेत दुःखाचे आणि अतृप्तीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो.

ही चारही पात्रे एकाच वेळी पाहता येतात. भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या, शहरी उजेडापासून दूर असलेल्या गावातून कार्तिक महिन्यातील निरभ्र, चांदण्याविरहित रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड केले, तर ध्रुवाच्या वर शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे पसरलेले दिसतात. तिच्या डावीकडे वृषपर्वा, उजवीकडे ईशान्येस ययाती आणि वर डोक्याच्या दिशेने देवयानी असते. देवयानीतील पुसटसा ढगासारखा ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असून नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत दूरच्या वस्तूंमध्ये तिची गणना होते. त्याच वेळी वायव्येस क्षितिजालगत अभिजित हा तेजस्वी तारा मावळतीकडे झुकलेला असतो. तो ज्या ‘स्वरमंडळ’ तारकासमूहात आहे, ते ग्रीक कथेनुसार गायक ऑर्फियसचे तंतुवाद्य आहे. मराठी नावात वाद्य राहिले, वादक राहिला नाही.

अन्य समूहांपैकी हर्क्युलिसला ‘शौरी’, पंखधारी घोडा पेगॅससला ‘महाश्व’, तर अर्धे शरीर घोड्याचे व अर्धे माणसाचे असलेल्या सेंटॉरला ‘नरतुरंग’ म्हणतात. ‘नरतुरंग’ हा शब्द अर्थवाही असूनही कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांत तो फारसा रुळला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

रंगभूमी

ईडिपसची दोन रूपे

सॉफोक्लीझ या अथेन्सच्या नाटककाराचे ‘ईडिपस राजा’ हे नाटक इ. स. पू. सुमारे ४२९ मधील मानले जाते. थीब्झ नगरावर रोगराई आली आहे आणि पूर्वीचा राजा लायस याचा खुनी सापडल्याखेरीज ती हटणार नाही, असे देववाणी सांगते. राजा ईडिपस शोध सुरू करतो. शोधाच्या शेवटी खुनी आपणच असल्याचे, लायस आपला पिता असल्याचे आणि पत्नी जोकास्टा ही आपली जन्मदात्री असल्याचे त्याला कळते. जोकास्टा गळफास घेते व ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेचे विवेचन करताना या नाटकाचा वारंवार आधार घेतला. त्याचा ग्रंथ विंदा करंदीकर यांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) या नावाने मराठीत आणला. त्यामुळे मराठीच्या अनेक विद्यार्थ्यांना ईडिपस प्रथम भेटतो तो रंगमंचावर नव्हे, तर टीकाशास्त्राच्या तासाला.

सदानंद रेगे यांनी १९५९ मध्ये या नाटकाचे ‘जयकेतू’ हे रूपांतर केले. नायकाला भारतीय नाव देण्यामागे जुनी परंपरा होती. शेक्सपिअरच्या नाटकांतील राजे-राण्या एकोणिसाव्या शतकापासून मराठी नावे घेऊनच रंगमंचावर येत होत्या. ईडिपसच्या बाबतीत मात्र नावबदलाची किंमत जास्त पडते. ‘ओयदिपौस’ या ग्रीक नावाचा अर्थ ‘सुजलेल्या पायाचा’ असा आहे. मुलगा पित्याला मारील या भाकितामुळे अर्भकाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकण्यात आले होते. पायाच्या त्या खुणेवरूनच त्याचे नाव पडले. नाटकातील रहस्याची किल्ली अशी नायकाच्या नावातच आहे. सगळे जण ती रोज उच्चारतात आणि कोणालाही ती ऐकू येत नाही. ‘जयकेतू’ म्हणजे विजयाची ध्वजा. या नावात राजाचा उत्कर्ष आहे, पण व्रण नाही. रेगे यांनी पुढे ‘राजा ईडिपस’ हे मूळ नाव राखणारे भाषांतरही केले.

पु. ल. देशपांडे यांनी १९७९ मध्ये याच नाटकाचा अनुवाद केला, तेव्हा त्यांनी भारतीय नाव टाळलेच, शिवाय इंग्रजी वळणाचा ‘ईडिपस’ हा उच्चारही सोडून ग्रीक उच्चाराच्या जवळ जाणारे ‘राजा ओयदिपौस’ हे शीर्षक निवडले. विनोदकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने ही शोकात्मिका निवडावी याचे काहींना नवल वाटते. परंतु ‘ती फुलराणी’, ‘सुंदर मी होणार’, ‘तीन पैशांचा तमाशा’ अशी परकीय नाटकांची रूपांतरे करताना पात्रांना पूर्ण मराठी वेश देणाऱ्या पुलंनी येथे तसे केले नाही, ही बाब अधिक लक्षणीय आहे. समाजातील माणसे वेश बदलून मराठी होऊ शकतात, पुराणातील राजा होऊ शकत नाही, असा निष्कर्ष या निवडीतून काढता येतो.

ईडिपसची कथा भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण तिच्या घटकांत नाही. जन्मतःच टाकलेले मूल म्हटले की कर्ण आठवतो. स्फिंक्सच्या कोड्यासारखे प्राणावर बेतणारे प्रश्न यक्षाने पांडवांना विचारले आहेत. भाकीत टाळण्यासाठी केलेला उपायच ते खरे करतो, हे कंसाच्या कथेतही आहे. थीब्झच्या वृद्धांचा गाणारा वृंदसुद्धा झाडीपट्टीतील दंडार किंवा कोकणातील नमन पाहिलेल्या प्रेक्षकाला अनोळखी वाटण्याजोगा नाही. वेगळेपण आहे ते शेवटात. भारतीय कथेत शापाला बहुधा उःशाप असतो आणि दुःखाला पूर्वजन्मीच्या कर्माचा आधार असतो. ईडिपसने जाणूनबुजून कोणताही अपराध केलेला नाही आणि त्याचे कोणतेही पूर्वकर्म नाटक सांगत नाही. त्याला मिळते ते फक्त सत्य.

पिग्मॅलियनची फुलराणी

रोमन कवी ओव्हिड याने इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मेटामॉर्फोसेस’ या दीर्घ काव्याच्या दहाव्या खंडात पिग्मॅलियनची कथा येते. सायप्रसमधील हा शिल्पकार हस्तिदंताची स्त्रीमूर्ती घडवतो, तिच्याच प्रेमात पडतो आणि प्रेमदेवता व्हीनस त्या मूर्तीत प्राण ओतते. ओव्हिडने मूर्तीला नाव दिलेले नाही. ‘गॅलाटिया’ हे नाव फार नंतरचे आहे.

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी ‘पिग्मॅलियन’ (पहिला प्रयोग १९१३, लंडनमध्ये १९१४) या नाटकात शिल्पकाराचा ध्वनिशास्त्रज्ञ केला आणि मूर्तीच्या जागी रस्त्यावर फुले विकणारी इलायझा आणली. शॉ यांचा प्रश्न ओव्हिडच्या प्रश्नाच्या पुढचा आहे : घडवलेली मूर्ती बोलू लागली, तर ती घडवणाऱ्याची राहते काय? इलायझाने प्राध्यापक हिगिन्सशी लग्न केले नाही, हे त्यांनी नाटकाला जोडलेल्या परिशिष्टात आवर्जून लिहिले.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त इलायझाची मंजुळा झाली आणि लंडनच्या बोलींच्या जागी मराठीच्या बोली आल्या. भक्ती बर्वे यांनी साकारलेली मंजुळा मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर ठरली. या रूपांतरात ग्रीक कथेचा शेवटचा अवशेष, म्हणजे शीर्षकसुद्धा, नाहीसे झाले. शॉच्या प्रेक्षकाला ‘पिग्मॅलियन’ हा शब्द वाचताच मूर्ती आठवत असे. मराठी प्रेक्षकाला ‘फुलराणी’ म्हणताच बालकवींची कविता आठवते. नाटकाचे यश पाहता या बदलाने काही बिघडले नाही. मात्र प्राध्यापकाचे मंजुळेशी वागणे, म्हणजे तिच्याकडे आपली निर्मिती म्हणून पाहणे, हे केवळ स्वभावातील विक्षिप्तपण वाटू लागते. त्याच्यामागचा मूर्तिकार दिसेनासा होतो.

कथा

जी. ए. कुलकर्णी यांचा ऑर्फियस

ओव्हिडच्या काव्यात पिग्मॅलियनची कथा सांगणारा निवेदक दुसरा कोणी नसून ऑर्फियस आहे. पत्नीला कायमची गमावल्यानंतर तो जी गाणी गातो, त्यांतील ती एक आहे. ‘ती फुलराणी’ नंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिंगळावेळ’ या संग्रहात जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांची ‘ऑर्फियस’ ही कथा आली.

व्हर्जिल आणि ओव्हिड या दोन्ही रोमन कवींनी सांगितलेल्या कथेत ऑर्फियसची पत्नी युरिडिसी सर्पदंशाने मरते. तो पाताळात जाऊन आपल्या गाण्याने मृत्युदेवालाही द्रवायला लावतो. तिला परत नेण्याची परवानगी मिळते, पण वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, अशी अट असते. तो अगदी शेवटी वळून पाहतो आणि ती पुन्हा नाहीशी होते.

महाभारताच्या आदिपर्वात रुरू आणि प्रमद्वरा यांची कथा आहे. तीही विवाहाच्या तोंडावर सर्पदंशाने मरते. रुरू आपले अर्धे आयुष्य तिला देतो आणि ती उठून बसते. सावित्री यमाला शब्दांत गुंतवून सत्यवानाचे प्राण परत मिळवते आणि तिचे स्मरण महाराष्ट्रात दर वर्षी वटपौर्णिमेला केले जाते. मृत्यूच्या दारातून प्रिय व्यक्तीला परत आणण्याच्या भारतीय कथा अशा सफल होतात. त्या ऐकत वाढलेल्या वाचकासमोर ऑर्फियसची असफल कथा मूळ नावांसह मांडणे हा जी. एं.चा निर्णय होता. त्यांना हवे होते ते हेच अपयश. त्यांच्या कथेत विरही प्रेमिकांच्या करुणेपेक्षा मृत्यूचे स्वरूप, नियती आणि मानवी ज्ञानाची मर्यादा यांचा विचार अधिक आहे. त्यांचे पौराणिक नायक काही शोधायला निघतात आणि प्रवासाच्या टोकाला शोधलेल्या वस्तूपेक्षा वेगळेच काही त्यांच्या हाती लागते. याच संग्रहातील ‘यात्रिक’ या कथेत त्यांनी डॉन किहोटे हे स्पॅनिश साहित्यातील पात्र घेतले. त्याआधीच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘इस्किलार’ ही दीर्घकथा कोणत्याही ज्ञात पुराणावर आधारलेली नसली, तरी तिच्यातील काल्पनिक प्राचीन जग याच जातीचे आहे.

‘सोन्याचे मडके’

जी. एं.नी आयरिश लेखक जेम्स स्टीफन्स यांच्या १९१२ मधील अद्भुत कादंबरीचा ‘सोन्याचे मडके’ हा अनुवाद केला. बकऱ्याचे पाय असलेला ग्रीक वनदेव पॅन या कादंबरीत आयर्लंडच्या डोंगरांत येतो आणि कॅटिलिन नावाच्या एका मेंढपाळ मुलीला भुलवून नेतो. पुढे आयरिश देव अँगस ओग त्याच्यासमोर उभा राहतो. परका देव आणि घरचा देव यांच्यात एका मुलीने निवड करायची, हा या कादंबरीतील पेच आहे. ग्रीक पात्रांना मराठीत आणण्याच्या प्रश्नाकडे पाहिले, तर हा पेच अनुवादकालाही अपरिचित नसावा.

आधुनिक अद्भुत कादंबऱ्या

इंग्रजीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ग्रीक पात्रांना नव्याने मागणी आली. सी. एस. लुइस यांच्या नार्नियामालेतील पहिल्या पुस्तकात (१९५०) बालनायिकेला प्रथम भेटतो तो बकऱ्याच्या पायांचा फॉन. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेत नरतुरंग आहेत, हर्मायनी हे हेलनच्या मुलीचे नाव आहे आणि पहिल्या भागात तळघराच्या दारावर तीन डोक्यांचा कुत्रा पहाऱ्याला आहे. तो एका ग्रीक माणसाकडून विकत घेतल्याचे त्या पुस्तकातच सांगितले आहे. तो म्हणजे पाताळाचा राखणदार सर्बेरस. संगीत सुरू झाले की तो झोपतो, ही युक्ती ऑर्फियसची. हा भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आला. शीर्षकातील तत्त्ववेत्त्याच्या दगडाला ‘परीस’ हा तयार मराठी शब्द मिळाला, कारण स्पर्शाने लोखंडाचे सोने करणारा दगड मराठी संतकाव्यापासून घरोघरी परिचित आहे. कुत्र्याला तसे नाव मिळण्यासारखे होते. यमाचे श्याम आणि शबल हे दोन चार डोळ्यांचे श्वान ऋग्वेदाच्या काळापासून मृतांची वाट राखत आहेत. परंतु त्यांना आज फार थोडे वाचक ओळखतात.

रिक रायर्डन यांच्या २००५ पासूनच्या पर्सी जॅक्सन मालेचा नायक पोसायडनचा मुलगा आहे. पौराणिक पर्सियस हा झ्यूसचा पुत्र होता. तरी कादंबरीतील आईने मुलाला हे नाव दिले, कारण ग्रीक वीरांपैकी त्याचाच शेवट सुखाचा झाला. देवयानी-ययातीच्या नावांनी झाकला गेलेला हा तपशील शहरी मराठी मुलांपर्यंत अखेर एका अमेरिकन बालकादंबरीने पोहोचवला.

प्रौढ वाचकांसाठीच्या पुनर्कथनांमध्ये मार्गारेट ॲटवुड यांची ‘द पेनेलोपियाड’ (२००५) आणि मॅडलिन मिलर यांच्या ‘द साँग ऑफ अकिलीज’ (२०११) व ‘सर्सी’ (२०१८) या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. महाकाव्यात गौण राहिलेल्या पात्राला प्रथमपुरुषी निवेदन देणे ही त्यांची पद्धत नवी म्हणून वाखाणली गेली. मराठी वाचकाला ती नवी वाटण्याचे कारण नाही. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण हे निवेदक आहेत. मराठी कादंबरीकारांनी ग्रीक पात्रांकडे फारसे का पाहिले नाही, याचे एक उत्तर येथे आहे. या पद्धतीने सांगण्यासारखे इतके काही त्यांच्या घरातच होते.

नावांचे लेखन

ग्रीक नावांच्या मराठी लेखनात एकवाक्यता नाही. एकाच पात्राची ईडिपस, इडिपस, एडिपस आणि ओयदिपौस अशी रूपे आढळतात. ऑर्फियस व ऑर्फिअस ही दोन्ही रूपे चालतात. इंग्रजी उच्चारावरून घेतलेली रूपे अधिक रूढ आहेत. मानसशास्त्रात ‘ईडिपस गंड’ ही संज्ञा फ्रॉइडच्या सिद्धान्ताबरोबर आली व त्यामुळे ‘ईडिपस’ हे रूप स्थिरावले. ‘ओयदिपौस’ हे पुलंच्या नाटकापुरतेच राहिले. ग्रीक आणि रोमन नावांची सरमिसळही वारंवार होते. झ्यूस हा रोमन परंपरेत ज्युपिटर, ॲथीना ही मिनर्व्हा, तर ॲफ्रोडाइटी ही व्हीनस आहे. ओव्हिडच्या काव्यातून आलेल्या पिग्मॅलियनच्या कथेत व्हीनस हे नाव योग्य ठरते, पण सॉफोक्लीझच्या नाटकाविषयी लिहिताना ज्युपिटर लिहिणे ही चूक ठरते.